घरातलं कमी आणि बाहेरचं कमी

रविवारी सकाळी डॉक्टर गाडीचं कव्हर काढायला लागले आणि घरातली माणसं नेहमीप्रमाणे आपोआप हळू बोलू लागली. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, तो सासूबाईंनी बंद केला. कव्हर एकेक चुणी सोडवत काढायचं, ओढायचं नाही, असा नियम होता. ते पूर्ण निघालं की डॉक्टर थोडे मागे सरकत आणि काही वेळ काहीच बोलत नसत. बाकीचेही बोलत नसत. समोर ती लालभडक स्पोर्ट्स कार असे, माणसाच्या कमरेशीच संपणारी, आणि जागेवर उभी असतानाही ती आपल्याला मागे टाकून गेली आहे असं पाहणाऱ्याला वाटे.

डॉक्टर दातांचे. आयुष्यभर लोकांना तोंड उघडायला सांगून कंटाळले तेव्हा त्यांनी दवाखाना विकला आणि ही गाडी घेतली. सवयी मात्र विकता आल्या नाहीत. गाडीचं इंजिन मागच्या बाजूला होतं. तिथलं झाकण उघडण्याआधी ते हातमोजे चढवत, दांडीवरचा चिमुकला गोल आरसा हातात घेत आणि पुटपुटत, "चला, जरा मोठ्ठा आ करा." एकदा नट सैल करताना त्यांनी इंजिनाला "दुखलं तर हात वर करा" असंही सांगितलं होतं. हे जावयानं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं आणि त्या क्षणी त्यालाही त्यात काही गैर वाटलं नव्हतं. त्या गाडीपुढे माणसाचं असंच होई.

जावई त्या दिवशी मुद्दाम बोलावलेला होता. तो एका विमा कंपनीत कंप्युटरवर पत्रं टाइप करी. पण सासरी 'कंप्युटरमधला' एवढीच त्याची ओळख पोचली होती, आणि ज्याला वायर किंवा बटण आहे ते सगळं त्याच्या अखत्यारीत येत होतं. टीव्हीचा रिमोट, इस्त्री, सासूबाईंचा रक्तदाब मोजायचं यंत्र. आता गाडीची पाळी होती. तिच्यात नवा कंप्युटर बसवलेला होता आणि तो लॅपटॉपला जोडून इंजिनाची सगळी सेटिंग्ज बदलता येत होती. ज्यानं तो बसवला तो गॅरेजवाला सुट्टी घेऊन सासुरवाडीला गेला होता, आणि सासुरवाडीला गेलेला माणूस फोनवर जेवढं बोलू शकतो तेवढंच बोलत होता.

दुखणं असं होतं, की गाडी तापत होती. ती बनवणाऱ्यांनी ती वेगासाठी बनवली होती आणि डॉक्टर ती घेऊन कोपऱ्यापर्यंत जात. तेही अशा बेतानं, की बाजूनं चालणारी माणसं गाडीशी गप्पा मारत जाऊ शकत. वेग नाही म्हणून वारा नाही, वारा नाही म्हणून इंजिन गरम, आणि इंजिन थंड करणारा मागचा पंखा वेळेवर जागा होत नव्हता. एरवी हे डॉक्टरांनी महिनाभर रंगवून सांगितलं असतं. पण आज ताईंना आणायला जायचं होतं.

ताई म्हणजे डॉक्टरांच्या थोरल्या बहीण. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहत. मोठ्या इस्पितळात मेट्रन म्हणून त्यांनी कित्येक सर्जनांना हात पुन्हा धुवायला पाठवलेलं होतं. त्यांनी आजवर धाकट्या भावाच्या कशालाही चांगलं म्हटलेलं नव्हतं. तो दातांचा डॉक्टर झाला तेव्हा त्या म्हणाल्या, "दातच का? बाकीचा माणूस जमला नाही का?" त्यानं घर बांधलं तेव्हा म्हणाल्या, "जिना अरुंद झालाय, स्ट्रेचर वळणार नाही." त्याला मुलगी झाली तेव्हा त्यांनी पाळण्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "नाक तुझ्यावर गेलंय. असो." पुढे त्याच मुलीच्या लग्नात जावयाकडे पाहून मात्र त्या "बरा आहे" म्हणाल्या होत्या. त्या घराण्यात ही सर्वोच्च पदवी होती आणि ती परक्या माणसाला मिळाली, हे डॉक्टर अजून विसरले नव्हते. तेव्हापासून ते त्याला "जावईबापू" अशा आवाजात हाक मारत, की दवाखान्यात पुढच्या पेशंटला बोलावलं जातंय असं वाटे.

"जावईबापू," डॉक्टर आरशातून इंजिनाच्या पोटात पाहत म्हणाले, "आज ताई या गाडीत बसणार. एकदा तिच्या तोंडून 'छान' ऐकलं की मी सुटलो. आणि अर्ध्या वाटेत गाडी उकळली तर ती काय म्हणेल माहीत आहे?"

"काय?"

"काही नाही. नुसती बघेल."

ताईंचं नुसतं बघणं जावयानं एकदा पाहिलं होतं. एक वाढपी लग्नातून निघून गेला होता.

गाडीत जागा दोन होत्या. एक डॉक्टरांची, आणि दुसरी ताईंसाठी राखीव. सासूबाईंनी एकदा सहज "मी बसून बघू का?" विचारलं तेव्हा "सीट दबेल" असं उत्तर मिळालं होतं. त्या सीटवर आज टॉवेल अंथरून, बूट बाहेर काढायला लावून, जावयाला बसवण्यात आलं. त्यानं मांडीवर लॅपटॉप घेतला, वायर जोडली, आणि पडदा उजळला तेव्हा तो थोडा मागे रेलला. इंजिनाचं सगळं अंतरंग समोर होतं. कुठे ठिणगी पडते, कुठे किती पेट्रोल जातं, सगळे आकडे काजव्यांसारखे लुकलुकत होते. एरवी तो 'आपला दावा विचाराधीन आहे' असं टाइप करणारा माणूस. आज त्याच्या एका बोटाखाली शंभर घोडे दावणीला बांधल्यासारखे फुरफुरत होते.

"सापडला का पंखा?"

"सापडला. समोर पंचाण्णव लिहिलंय."

डॉक्टरांनी गॅरेजवाल्याला फोन लावला. पलीकडून लहान मुलांचा गोंधळ आणि भांड्यांचे आवाज आले. त्यातून एक वाक्य निसटलं ते कानात साठवून डॉक्टरांनी फोन ठेवला.

"कमी करा," ते म्हणाले.

जावयाची बोटं थांबली.

इथे त्या घरातल्या हॉलच्या पंख्याबद्दल सांगणं भाग आहे. त्याचा रेग्युलेटर फार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी स्वतः बसवला होता. दातांच्या नसा ज्याला कळतात त्याला दोन वायरी कळणार नाहीत का, असं म्हणून त्यांनी इलेक्ट्रिशियनला दारातूनच परत पाठवलं होतं. तेव्हापासून तो रेग्युलेटर उलटा चाले. एकवर वादळ आणि पाचवर पाती मोजता येतील इतपत. डॉक्टरांच्या मते कंपनीनं आकडे चुकीचे छापले होते. घरच्यांनी वाद न घालता भाषा बदलून घेतली. त्या घरात उकडायला लागलं की "पंखा कमी कर" म्हणत आणि थंडी वाजली की "अरे, जरा वाढव." जावई लग्नानंतर पहिल्यांदा आला तेव्हा घामाघूम होऊन "थोडा वाढवता का?" म्हणाला होता आणि त्यांनी आदरानं त्याचा पंखा जवळपास थांबवला होता. त्यानंतर तो ही भाषा शिकला, आणि आता मातृभाषेइतक्या सफाईनं बोलत असे.

म्हणून त्यानं नम्रपणे विचारलं, "बाबा, घरातलं कमी, की बाहेरचं कमी?"

"म्हणजे?"

"म्हणजे हॉलमधलं कमी, की इतर ठिकाणी असतं तसं?"

डॉक्टरांनी हातमोजे ताणले. "कमी म्हणजे कमी. आमच्या घरात कमीचा काही वेगळा अर्थ होतो का?"

याला जावयाकडे उत्तर होतं, पण ते द्यायची सोय नव्हती. त्यानं मनाशी हिशेब केला. बाबांना पंखा जास्त हवाय, हे उघड आहे. ते आपल्या घरच्या भाषेत 'कमी' म्हणताहेत. म्हणजे आपण वाढवायला पाहिजे. इतकी वर्षं या घरात काढल्याचा त्याला पहिल्यांदाच थोडा अभिमान वाटला. एखादा नवखा माणूस असता तर सांगितलं तसं करून मोकळा झाला असता.

त्यानं पंचाण्णवचे एकशे पंधरा केले.

आता, तो आकडा पंख्याच्या जोराचा नव्हताच. इंजिन किती अंशांपर्यंत तापल्यावर पंख्यानं जागं व्हायचं, त्याचा तो आकडा होता. तो खाली आणला असता तर पंखा लवकर उठला असता. वर नेल्यामुळे त्याला आणखी झोपायची परवानगी मिळाली. फोनवरून सांगितलेलं अगदी बरोबर होतं, डॉक्टरांनी ते तसंच्या तसं सांगितलं होतं, आणि जावयानं ते समजून घेतल्यामुळे बिघडलं.

"निघू या," डॉक्टर म्हणाले. "चौकापर्यंत चक्कर मारू, तुम्ही काट्याकडे बघत बसा. सगळं ठीक असेल तर परत येऊन तुम्हाला उतरवतो आणि ताईला आणायला जातो."

गाडी फाटकातून बाहेर पडली तेव्हा सगळा रस्ता थांबला. कोणी हात वर करून थांबवला नव्हता, तो आपणच थांबला. न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला, आणि त्याच्यामागे अर्ध्या गालाला फेस लावलेलं गिऱ्हाईकही आलं. पाठीमागे ते इंजिन खोल आवाजात गुरगुरत होतं आणि तो आवाज कानांपेक्षा जावयाच्या बरगड्यांना ऐकू येत होता. पायांत मोजेच होते, मांडीवर लॅपटॉप होता, तरी आपण कुठेतरी वर, ढगांत चाललोय असं त्याला वाटत होतं. एक सायकलवाला त्यांना ओलांडून पुढे गेला आणि जाताना सायकलवरूनच थोडा वाकला.

"पंखा किती शांत झालाय बघा," डॉक्टर भारावून म्हणाले. "आधी नुसता घरघरायचा. आता आहे की नाही तेच कळत नाही."

"हो," जावई म्हणाला. त्याची नजर काट्यावर होती. काटा अतिशय डौलानं वर चढत होता.

"याला म्हणतात सेटिंग."

"बाबा, काटा जरा..."

"वर येतोय ना? उत्साह आहे तिला."

चौकात पुढे सगळे फोटो काढायला थांबल्यामुळे वाट बंद झाली, आणि वाट बंद झाल्यामुळे गाडी जागीच उभी राहिली. काटा लाल पट्ट्याशी पोचला. मग मागच्या जाळीतून एक नाजूक पांढरी रेघ वर आली, आणि तिच्यामागून एकदम मोठा लोट. गर्दी "ओऽ" म्हणाली. डॉक्टरांनी इंजिन बंद केलं. चौकात अशी शांतता पसरली, की वाफेचा फुसकारा पार पलीकडच्या दुकानापर्यंत ऐकू गेला असेल.

वाहतूक पोलिस शिट्टी वाजवत आला. जवळ आल्यावर त्यानं शिट्टी तोंडातून काढून खिशात ठेवली आणि खाली वाकून हळूच विचारलं, "काका, ही वाफ मुद्दाम सोडतात का?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

"वा," पोलिस म्हणाला, आणि त्यानं गर्दीला जरा लांब उभं राहून बघायला सांगितलं.

याच वेळी जावयाचा फोन वाजला. बायको होती.

"अरे, कुठे आहात तुम्ही? आत्या आली."

"आली म्हणजे?"

"म्हणजे टॅक्सी करून आली. वाट बघून कंटाळली म्हणे. आणि इथे वीज गेलीय, घरात नुसतं उकडतंय. ती विचारतेय, मला न्यायला गाडी घेऊन येणार होता तो धाकल्या कुठाय?"

डॉक्टरांनी हे ऐकलं. त्यांचं वय सत्तरीच्या आसपास होतं. 'धाकल्या' ऐकताच ते सातवीच्या आसपास आले.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही नक्की काय केलंत?"

"कमी केलं," जावई म्हणाला. मग प्रामाणिकपणे म्हणाला, "घरातलं."

डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत रेग्युलेटरचा विषय त्यांच्यासमोर कोणी काढला नव्हता, आणि आता तो भर चौकात, वाफेत, पोलिसाच्या देखत निघाला होता. "मग आता बाहेरचं कमी करा," ते शेवटी म्हणाले. रेग्युलेटरबद्दल त्यांच्या तोंडून कधी बाहेर पडली ती एवढीच कबुली.

जावई आता नको इतका घाबरलेला होता. त्यानं आकडा नव्वदवर आणला, मग ऐंशीवर. मग पुन्हा वर जायला नको म्हणून जिथपर्यंत उतरत होता तिथपर्यंत उतरवला. वीस. शिवाय त्याच पानावर चार चौकटी रिकाम्या दिसल्या, त्यांतही त्यानं खुणा केल्या. रिकाम्या चौकटी तशाच ठेवल्या तर दावा नामंजूर होतो, एवढं त्याला नोकरीनं शिकवलं होतं.

त्यासरशी पंखा जागा झाला.

तो जागा झाला म्हणजे काय झालं हे सांगायला विमानतळाजवळ राहिलेला माणूस हवा. आधी एक शीळ, मग गर्जना, आणि मग वाफेचा लोट आडवा होऊन थेट न्हाव्याच्या दुकानात शिरला. पोलिसाची टोपी उडाली. त्यानं ती उचलून पुन्हा घातली नाही, छातीशी धरून उभा राहिला. काटा बघता बघता खाली आला. जावयानं डोळे मिटून घेतले. आपल्या बोटानं हे झालं, यावर त्याचा विश्वास बसेना. इतकं प्रचंड काहीतरी त्यानं आयुष्यात कधीच चालू केलेलं नव्हतं.

मग ते वाऱ्यासह घरी आले. फाटकाशी डॉक्टरांनी किल्ली फिरवली, इंजिन थांबलं, आणि पंखा चालूच राहिला.

"हा बंद का होत नाही?"

जावयानं लॅपटॉपकडे पाहिलं. त्याला दोन गोष्टी एकदम कळल्या. एक, त्यानं खूण केलेल्या चौकटींपैकी एकीचा अर्थ 'किल्ली काढल्यावरही पंखा चालू ठेवा' असा होता. दुसरी, इंजिन वीस अंशांच्या खाली आल्यावर पंखा थांबणार होता आणि बाहेरची हवाच विसाच्या कितीतरी वर होती. म्हणजे आता हिवाळ्यापर्यंत वाट पाहायची. तो आकडा बदलणार एवढ्यात लॅपटॉपचा पडदा काळा झाला.

"काय झालं?"

"चार्जिंग संपलं."

"मग लावा चार्जिंगला."

"वीज गेलीय, बाबा."

बॅटरीची वायर उपटली तर कंप्युटर सगळं विसरेल, असं गॅरेजवाल्यानं बजावलेलं होतं. डॉक्टरांनी घराच्या दाराकडे पाहिलं. आत ताई होत्या. गाडी त्यांना दाखवायची ती थंड, शांत, चकाकती अशी, हे त्यांनी किती रात्री मनात रंगवलेलं होतं. अशी भोंगा लागल्यासारखी नाही. त्यांनी जावयाला मागून ढकलायला लावून गाडी नाकाच्या बाजूनं गॅरेजमध्ये घातली. ढकलताना जावयाचे केस सगळे मागे गेले. गाडीचा मागचा थोडा भाग बाहेरच राहिला, दार लागेना, म्हणून वरून कव्हर टाकलं. जाळीवर येताच ते शिडासारखं फुगून उडालं. शेवटी कपडे वाळत घालायच्या दोरीनं ते जाळी तेवढी उघडी ठेवून घट्ट बांधलं. आता दिसत होतं ते एवढंच: एक करडा उंचवटा, आणि त्यात परातीएवढी जाळी, तिच्यातून सुसाट वारा.

"काय वाजतंय रे?" दारातून आवाज आला.

ताई काठी टेकत पायऱ्या उतरल्या. पाठोपाठ सासूबाई, त्यांच्या मागे जावयाची बायको. ताई त्या आवाजाच्या दिशेनं सरळ चालत आल्या आणि जाळीसमोर उभ्या राहिल्या. त्यांचे पांढरे केस मागे उडाले. त्यांनी भुवया उंचावल्या.

"हे काय आहे, धाकल्या?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं. आयुष्यभर जे दुसऱ्यांना सांगितलं ते स्वतः केलं, मोठ्ठा आ केला, पण त्यातून काही बाहेर आलं नाही.

"पंखा आहे, आत्या," जावई म्हणाला. यात एक अक्षरही खोटं नव्हतं.

ताईंनी मान हलवली. "खुर्ची आण."

खुर्ची आली. ताई जाळीसमोर बसल्या. सुरुवातीचा वारा गरम होता, पण इंजिन निवलं तसा तोही निवला. गॅरेजची थंड, सावलीतली हवा ओढून तो पंखा बाहेर फेकू लागला. ताईंनी काठी बाजूला ठेवली. मग चष्मा काढला. मग डोळे मिटले.

डॉक्टर जावयाच्या कानाशी लागले. "बॅटरी संपली की गाडी सुरूच होणार नाही. मग चक्कर कशी मारणार? काहीतरी करून हा थांबवा."

"आत्याच्या समोर जाऊन?"

डॉक्टरांनी विचार केला आणि ते तिथेच थांबले.

शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आवाज ऐकून कुंपणापाशी आले. "डॉक्टर, ही तुमची..."

"बसा," डॉक्टर म्हणाले.

"नाही, मी म्हणत होतो ती लाल..."

"मास्तर, खुर्ची घेऊन या आणि बसा."

मास्तर खुर्ची घेऊन आले. वीज त्यांच्याकडेही नव्हती. वाऱ्यात बसल्यावर लाल काय म्हणायचं होतं ते तेही विसरले. सासूबाईंनी चहा आणला, तो पिण्याआधीच गार झाला आणि कुणी तक्रार केली नाही. सगळे एका रांगेत, त्या जाळीकडे तोंड करून, समुद्राकडे पाहावं तसे बसले होते. बायको जावयाला हळूच म्हणाली, "अरे, हे तू केलंस?" इतक्या वर्षांत तिनं हा प्रश्न एवढ्या आदरानं विचारला नव्हता. एरवी तो फुटलेल्या कपाला उद्देशून असे.

आणि मग, डोळे न उघडता, ताई म्हणाल्या, "छान आहे."

सासूबाईंच्या हातातला ट्रे किणकिणला. जावयानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं आईकडे. डॉक्टर खांबाला धरून उभे होते. आपण नीट ऐकलं का, अशी त्यांना शंका आली असावी, कारण ते पुढे झाले आणि हळूच म्हणाले, "काय म्हणालीस, ताई?"

"छान आहे म्हटलं. बाजूला हो, वारा अडतोय."

डॉक्टर बाजूला झाले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्या वाऱ्यात सगळ्यांचेच आले होते.

नेमक्या याच वेळी पंख्याचा सूर किंचित उतरला. बॅटरी दमत चालली होती. मघापासून तो बंद पडावा म्हणून झुरणारे डॉक्टर तो बदललेला सूर ऐकून पांढरेफटक पडले. त्यांनी जावयाचं मनगट धरलं.

"जावईबापू. तुमची गाडी आणा."

"माझी? आत?"

जावयाची गाडी जुनी, छोटी आणि तेल गाळणारी. फाटकाच्या आत यायला तिला सक्त मनाई होती. डॉक्टर तिला 'कीड लागलेली दाढ' म्हणत.

"आत. आणि बॅटरी जोडायच्या वायरी असतील त्या सगळ्या."

जावई धावला. त्याची गाडी फाटकातून प्रथमच आत आली, बागेतला कोपरा चिरडत गॅरेजच्या कडेला लागली, आणि डॉक्टरांनी स्वतः, हातमोजे न घालता, वाकून वायरी जोडल्या. जावयाची गाडी थरथरत चालू राहिली. पंख्याचा सूर पुन्हा वर चढला. ताईंच्या चेहऱ्यावर हलकं समाधान पसरलं. तो सूर धरून ठेवण्यासाठी जावई पुढचा सगळा वेळ आपल्या गाडीच्या ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसला. आपल्या त्या फुटक्या डब्यातून काहीतरी निघतं, वायरीतून वाहतं, त्या लाल अजस्र प्राण्याच्या फुफ्फुसात जातं आणि आत्याचे केस उडवतं, हे पाहताना त्याला पाय दुखतोय हे कळलंच नाही.

मधे वीज आली. सासूबाई म्हणाल्या, "वन्सं, आत चला, पंखा लागलाय."

"त्या आतल्या पंख्याला काय वारा आहे? इथंच बरं."

दुपार उतरली तेव्हा ताई उठल्या. त्यांना न्यायला टॅक्सी आली. डॉक्टर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. जावईही मागोमाग गेला, कारण त्याला आता उठायची परवानगी मिळाली होती. टॅक्सीत बसल्यावर ताईंनी काच खाली केली.

"पंखा चांगला घेतलास, धाकल्या. आवाज जरा आहे, पण वारा आहे. असं काही तुला सुचेल असं वाटलं नव्हतं."

"हो, ताई," डॉक्टर म्हणाले.

"पण ती कसली गाडी घेतली होतीस म्हणे? फोनवर नुसतं गाडी, गाडी. ती दाखवणार होतास ना? कुठाय ती?"

दोन पावलांवर कव्हर होतं. दोरीची एक गाठ सोडली की झालं. खाली ती लाल, चकाकती, सगळा रस्ता जिच्यापुढे आपोआप थांबला ती गाडी होती. डॉक्टरांनी वळून त्या करड्या उंचवट्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते ताईंकडे वळले.

"परत केली," ते म्हणाले. "काही खास नव्हती. त्याऐवजी पंखा घेतला."

ताईंनी त्यांना निरखून पाहिलं. काच वर करता करता त्या म्हणाल्या, "शहाणा झालास."

टॅक्सी वळणाआड गेली तरी डॉक्टर रस्त्याकडे पाहत उभे होते. कव्हराखाली पंखा गर्जत होता. जावई बायकोनं चार्ज करून ठेवलेला लॅपटॉप घेऊन हळूच त्यांच्या शेजारी आला. "बाबा, आता तो आकडा पंचाण्णवच्या खाली नीट बसवतो. म्हणजे पुढच्या वेळी आपल्याला तिला..."

डॉक्टरांनी लॅपटॉपचं झाकण हळुवारपणे मिटलं.

"हात लावू नका," ते म्हणाले. "ताई पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे."